मोरीची किल्ली

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की कन्हान नदीच्या काठी मौदा लागतं. तिथून आत वळलं की धानाच्या बांध्या सुरू होतात. त्या बांध्यांमध्ये एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव होता आणि तलावाच्या पाळीखाली गावाची शेती होती.

तलाव मालगुजारांच्या काळातला. इंग्रजांच्या राजवटीत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा तो मालगुजार. गाव त्याच्या मालकीचं आणि तलावही त्याचाच. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदांत त्यांना आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. त्या गावचा मालगुजार तेव्हाच गाव सोडून गेला होता. त्याचा वाडा पडला, त्याच्या विटा कोणी नेल्या, लाकूड कोणी नेलं. तलाव तेवढा राहिला.

त्या गावात दोन भाऊ राहत होते. थोरल्याला बायको, एक मुलगा आणि लग्नाला आलेली मुलगी. धाकट्याला बायको आणि सात वर्षांचा एक पोरगा. घरात म्हातारी माय. चूल एकच होती.

मौद्याला वीज प्रकल्प उभा राहू लागला. पुढे तो २३२० मेगावॉटचा झाला. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांत या भावांचाही एक तुकडा गेला. पैसा आला. असा पैसा आला की काय होतं ते त्या भागात कोणालाही विचारा. कोणी मोटारसायकली घेतल्या, कोणी लग्नं थाटात केली, कोणी पिऊन संपवला. थोरल्याने वेगळंच केलं. तलावातून पाणी सोडायच्या मोरीचं लाकडी दार कुजलं होतं. निम्मं पाणी रात्रंदिवस नाल्यात वाहून जायचं. त्याने स्वतःच्या वाट्यातून मोरीला लोखंडी दार बसवलं. वर फिरवायचं चाक आणि चाकाला साखळी-कुलूप.

गाव मारोतीच्या देवळासमोर बसलं. लोक म्हणाले, “दार तुझ्या पैशाचं, तं किल्लीबी तुझ्याच जवळ राहू दे. पाणी तूच सोडत जाय.”

त्याने किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. पाणी सोडायची वेळ आली की तो रात्री बॅटरी घेऊन निघायचा. आधी सगळ्यात खालची बांधी भरायची, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. वरच्याला पाणी कधीही मिळतं, खालच्याचे हाल होतात, हे त्याला कळत होतं. स्वतःच्या बांधीत तो सगळ्यांच्या मागून पाणी घ्यायचा. गावात पाण्यावरून भांडण म्हणून होत नसे. शेजारच्या गावांतले लोक म्हणायचे, तुमच्याकडे बरा माणूस आहे.

पेंचचा कालवा गावाच्या पलीकडून जात होता. त्याचंही पाणी थोडंफार मिळायचं. पण वरती छिंदवाड्याकडे पेंचवर चौराईचं धरण झालं आणि खाली येणारं पाणी कमी झालं. कालव्याच्या शेवटाला असणाऱ्या गावांना ते आधी कळलं. मग तलावाचा एकेक थेंब मोलाचा झाला आणि मोरीच्या किल्लीचंही मोल वाढलं. तोवर सगळं ठीक होतं.

एका वैशाखात थोरल्याने मातीचं जुनं घर पाडायला काढलं. माळ्यावर एक गंजलेला डबा सापडला. डब्यात एक जाड कागद होता. त्यावर शिक्का होता आणि खाली पुष्कळ अंगठे होते. अक्षर मोडी होतं. घरात कोणालाच ते वाचता येईना.

बाजाराच्या दिवशी तो कागद घेऊन मौद्याला गेला. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे बसतात. त्यांतल्या एकाने कागद उलटापालटा केला. मोडी त्यालाही येत नव्हती.

“शिक्का जुना हाये,” तो म्हणाला. “मालगुजारीचाच कागद दिसते.”

त्याने पन्नास रुपये घेतले. तो खोटं काही बोलला नव्हता. कागद खरंच मालगुजारीच्या काळातला होता. बाकीचं सगळं थोरल्याने परतीच्या वाटेवर आपल्या मनाने लिहिलं. गावात येईपर्यंत त्याचा पणजोबा मालगुजार झाला होता.

पानठेल्यावर दोन-चार जण बसले होते. त्याने त्यांना कागद दाखवला. त्यांतला एक जण उठून उभा राहिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, “राम राम, मालगुजार!”

थोरल्याने सगळ्यांना खर्रा सांगितला.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दहा जण होते. दहाही जणांनी वाकून राम राम केला. दहाही जणांना खर्रा मिळाला. तो गेला की ते पोट धरून हसायचे. तो हसण्याचा आवाज त्याच्या कानावर कधी आला नाही. आठवडाभरात अख्खं गाव त्याला मालगुजार म्हणू लागलं. कोणी खर्ऱ्यासाठी म्हणालं, कोणी मजेसाठी, कोणी बाकीचे म्हणतात म्हणून. मला विचाराल तर या गोष्टीत दोष एकट्या थोरल्याचा नाही. डोक्यात हवा शिरायला कोणीतरी फुंकावीही लागते.

एक जण तेवढा फुंकणाऱ्यांत नव्हता. तो बाबा जुमदेवजींच्या मार्गातला सेवक होता. मौद्याला बाबांचा आश्रम आहे. त्या मार्गाला लागून त्या भागातल्या पुष्कळ लोकांनी दारू सोडली, त्यांतलाच हा. तो घरी आला आणि सरळ म्हणाला, “भाऊ, लोक तुमची मजा घेऊन राह्यले. कागद आधी वाचून तं घ्या.”

थोरला म्हणाला, “तुले जळते काय?”

सेवकाने नमस्कार केला आणि तो निघून गेला. त्या घराची पायरी तो नंतर चढला नाही.

नवं घर झालं. ओसरीवर एक उंच पाठीची खुर्ची आली. थोरला त्या खुर्चीत बसू लागला. अंगात जाकीट, वरच्या खिशात कागद. येणाऱ्याने खाली सतरंजीवर बसावं, अशी त्याची इच्छा असायची. एकदा बाहेरगावचे पाहुणे आले असताना धाकटा भाऊ शेतातून आला आणि म्हणाला, “दादा, उद्या परहे टाकाचे हाये ना?”

थोरल्याने त्याला बाजूला घेतलं. “चारचौघांत दादा नको म्हणत जाऊ. मालक म्हणत जाय.”

धाकट्याला वाटलं, दादा गंमत करतो आहे. तो हसला. थोरला हसला नाही.

आषाढ आला. परहे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला आले. त्या गावात बायका मिळून रोवणी करायच्या. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या बांधीत. गुडघाभर चिखलात ओळीने वाकून गाणी म्हणत रोवायच्या. थोरल्याची बायको लग्न होऊन आल्यापासून त्या ओळीत होती. ओळीत तिची जागा ठरलेली होती आणि गाणं उचलायचं कामही तिच्याकडे होतं.

त्या वर्षी थोरला म्हणाला, “मालगुजाराच्या घरची बाई लोकाच्या चिखलात उतरत नसते.”

ती म्हणाली, “अजी, मी नाही गेली तं आपल्याकडे कोण येईन?”

“पैसे देऊन आणू.”

ती घरी राहिली. बायका तिच्या घरावरून बांधीकडे जायच्या तेव्हा ती आत जाऊन बसायची. पहिल्या दिवशी त्यांनी हाक मारली. दुसऱ्या दिवशीही मारली. तिसऱ्या दिवशी त्या नुसत्याच पुढे गेल्या.

यांच्या बांधीची वेळ आली तेव्हा कोणीच आलं नाही. थोरल्याने बाहेरगावच्या मजुरणी पाहिल्या. रोवणीच्या हंगामात रिकामा हात कुठे मिळतो? मिळाल्या तोवर परहे जून होऊन गेले होते. जून परहे रोवले की फुटवे कमी येतात. हे मालगुजाराला आठवत नसलं तरी शेतकऱ्याला ठाऊक होतं. बायकोने ते बोलूनही दाखवलं. तो खुर्चीत बसून कागदाची घडी उलगडत राहिला.

मुलीचं लग्न जमत आलं होतं. मुलाकडचे लोक भंडाऱ्याहून आले. थोरल्याने त्यांना ओसरीवर तासभर थांबवलं आणि आतून निरोप पाठवला की मालगुजार पूजेला बसले आहेत. पूजा वगैरे काही नव्हती. तो आत खाटेवर बसून घड्याळ पाहत होता. लोकांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हटलं आणि निघून गेले. मुलगी सैपाकघरात पोह्यांच्या ताटल्या भरून उभी होती.

मग पोळा आला. गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. झुली घातलेल्या, बेगड लावलेल्या जोड्या रांगेत उभ्या राहिल्या. तोरणाखाली मानाची जोडी पुढे असायची ती गावातल्या सगळ्यात वयस्कर शेतकऱ्याची. थोरल्याने आपली जोडी त्याच्या पुढे नेऊन उभी केली. म्हातारा काही बोलला नाही. त्याने आपल्या बैलांचे कासरे धरले आणि तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. झडत्या झाल्या, तोरण तुटलं, बैल घरोघरी गेले. त्या संध्याकाळी थोरल्याच्या दारात आपला बैल घेऊन कोणी आलं नाही. बायको ओवाळणीचं ताट घेऊन दारात बसून होती.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. तो पोराबाळांचा सण. लाकडी बैलांना दोऱ्या लावून पोरं मारोतीच्या देवळासमोर जमतात. काही पोरं सोंगं घेऊन येतात. कोणी शिपाई होतो, कोणी शिवाजी महाराज, कोणी डॉक्टर. बैल कोणाचा सुंदर आणि सोंग कोणाचं चांगलं, ते पाहून बक्षीस देतात. थोरल्याने आपली खुर्ची तिथे नेऊन पुढे मांडली होती.

धाकट्याचा पोरगा आला. त्याने थोरल्याचं जुनं जाकीट घातलं होतं. ते त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. वरच्या खिशात वहीच्या पानाची घडी होती. एका हातात लाकडी बैलाची दोरी आणि दुसऱ्या हातात घरातला पाट. मधोमध येऊन त्याने पाट मांडला. पाटावर बसला. खिशातून घडी काढली, उलगडली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

कोणीतरी विचारलं, “तू कोन व्हय रे?”

पोरगा म्हणाला, “मी मोठेबाबा. मालगुजार.”

आधी पानठेल्यावरचा तो हसला. मग बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग अख्खा चौक हसला. जे चार महिने पाठीमागे हसत होते, ते आता समोर हसले. पोरालाही आनंद झाला. त्याला वाटलं, आपलं सोंग सगळ्यांना आवडलं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. ती घेऊन तो पळत थोरल्याच्या खुर्चीकडे गेला.

“मोठेबाबा, पाहा!”

थोरल्याने त्याच्या थोबाडीत मारली. पेटी खाली पडली आणि पेन्सिली विखुरल्या.

“कोनं शिकवलं तुले हे?”

पोराला कोणी शिकवलं नव्हतं. सकाळपासून तो जाकीट काढायला तयार नव्हता. जाकीट काढावं लागेल म्हणून त्याने आंघोळही टाळली होती. गावात सगळे ज्याला वाकून राम राम करतात, त्याच्यासारखं व्हायचं त्याच्या मनात होतं. त्या चौकात थोरल्याला खरोखर मोठा मानणारा तेवढा एकच जण होता आणि थोरल्याने नेमकं त्यालाच मारलं.

धाकटा पुढे आला. त्याने पेन्सिली वेचल्या. पोराला कडेवर घेतलं. थोरल्याकडे पाहून तो म्हणाला, “येतो, मालक.”

त्या रात्री धाकट्याने चूल वेगळी केली. वाटणीत त्याने भांडण केलं नाही. खालच्या अंगाच्या बांध्या त्याच्या वाट्याला आल्या, त्या त्याने मुकाट घेतल्या. माय थोरल्याकडेच राहिली, पण जेवायला धाकट्याकडे जाऊ लागली.

थोरल्याच्या कानात चौकातलं ते हसणं घुमत राहिलं. माणसाने अशा वेळी थांबून विचार करावा. पण ज्याला मोठेपणाची बाधा झाली, त्याला हसण्यात आपलं हसं दिसत नाही. त्याला त्यात लोकांचा माज दिसतो. यांना जागेवर आणलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. कमरेला किल्ली होतीच.

आश्विनात पावसाने तोंड फिरवलं. धान निसवायला आला होता. या वेळी बांधीत पाणी नसलं तर लोंबी भरत नाही, दाणा पोचट राहतो. कालव्याचं पाणी खालपर्यंत पोचलं नाही. सगळ्यांचे डोळे तलावाकडे लागले. तलावात पाणी होतं आणि मोरीला कुलूप होतं.

सगळ्यात खालची बांधी एका विधवा बाईची होती. पहिलं पाणी तिचं असायचं. ती थोरल्याच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, “भाऊ, आज रात्री सोडता का?”

थोरला खुर्चीतून म्हणाला, “तलाव माझ्या पणज्याचा हाये. आधी तसं म्हन, मंग माग.”

बाई थोडा वेळ उभी राहिली. ती गरीब होती, पण आजवर तिने त्या ओसरीवर पाणी मागितलं नव्हतं. पाळी आली म्हणून ती सांगायला यायची. ती काही न बोलता परत गेली आणि तिने ते गावात सांगितलं. मग कोणीच मागायला आलं नाही. गावालाही ताठा असतो. धान सुकत होता. हा म्हणत होता, त्यांनी वाकावं. ते म्हणत होते, कुलूप यानेच उघडावं. भुईच्या भेगा रोज रुंद होत होत्या.

चौथ्या रात्री थोरला एकटाच तलावावर गेला. त्याने चाक फिरवलं, आपल्या बांधीपुरतं पाणी घेतलं आणि मोरी बंद केली. सकाळी गावाने पाहिलं. अख्ख्या शिवारात एकच बांधी ओली होती. त्या बांधीच्या खालीच धाकट्याची बांधी होती. तिच्यात भेगा होत्या.

गाव तहसिलीत गेलं. तलाठी आला, पोलीस पाटील आला. कुलूप तोडलं गेलं आणि पाणी सुटलं. वरच्या बांध्या वाचल्या. खालच्या चार बांध्यांना पाणी पोचलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या चारांत विधवा बाईची बांधी होती आणि धाकट्याचीही.

थोरला संतापला. माझ्या तलावाचं कुलूप तोडलं, असं म्हणत तो कागद घेऊन कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “बाबाजी, कागद खरा असला तरी काही उपयोग नाही. मालगुजारी १९५१ मध्येच गेली. तलाव सरकारचा आहे.”

“पन आमी मालगुजार होतो का नाही?”

“ते मी कसं सांगू? कोणाकडून तरी वाचून घ्या.”

जे सेवकाने आधी सांगितलं होतं, तेच आता कारकुनाने सांगितलं. थोरल्याचा मुलगा मौद्याला एका दुकानात कामाला होता. बापाच्या या सगळ्या प्रकाराने तो खाली मान घालून घरी येऊ लागला होता आणि शक्यतो उशिराच यायचा. पण त्यानेच चौकशी केली. नागपुरात महाल भागात एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात, असं त्याला कळलं. तो बापाला घेऊन गेला.

मास्तरांनी चष्मा पुसला. कागद खिडकीशी धरला. ते अक्षर अक्षर लावत सावकाश वाचू लागले.

कागद तलावाच्या पाण्याबद्दल होता. पाणी कसं वाटायचं, पाळीची माती कोणी टाकायची, मोरी कोणी राखायची, असं त्यात गावाने ठरवून लिहिलं होतं. मालगुजाराचं नाव वरती होतं. ते नाव भलत्याच घराण्याचं होतं.

“आमचं नाव नाही?” थोरल्याने विचारलं.

“आहे ना,” मास्तर म्हणाले. “खाली आहे. हे पाहा. मोरी याच्या हाती द्यावी, असं सर्व रयत म्हणते. याने आधी शेवटची बांधी भरावी आणि वर यावं. आपल्या बांधीत सगळ्यांच्या मागून घ्यावं. हे अंगठे आहेत ना, ते मालगुजाराने घेतलेले नाहीत. गावाने तुमच्या पणजोबासाठी दिलेले आहेत.”

थोरल्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मास्तरांनी पुन्हा वाचलं. मुलगा भिंतीकडे पाहत होता. थोरल्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. कुलूप तुटलं होतं, पण किल्ली अजून करगोट्यालाच होती.

घरी येऊन तो मायजवळ बसला. “माय, पणज्याबद्दल तुले मालूम होतं?”

“होतं ना. माझी सासू सांगे. रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाणी सोडाले जाय म्हने.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“तू कवा इचारलं?” माय म्हणाली. मग ती त्याच्या जाकिटाकडे पाहून म्हणाली, “लोकायनं देल्लं ते मोठेपन असते, बापू. आपल्या हातानं घेतलं ते सोंग.”

दुसऱ्या दिवशी गाव देवळासमोर बसलं होतं. थोरल्याने किल्ली करगोट्यातून सोडली आणि मध्ये ठेवली. कोणी त्याला शाबासकी दिली नाही, कोणी टाकूनही बोललं नाही. पानठेल्यावरच्याने राम राम केला नाही. नवं कुलूप आणायचं ठरलं. नव्या कुलपाची किल्ली गावाने त्या विधवा बाईला दिली. तिची बांधी सगळ्यात खालची होती. खालच्याचे हाल तिच्याइतके कोणाला कळणार?

मोडलेलं सगळं काही जुळलं नाही. भंडाऱ्याचे पाहुणे परत आले नाहीत. मुलीला दुसरीकडे पाहावं लागलं आणि त्याला दोन वर्षं गेली. सेवकाकडे थोरला स्वतः गेला. सेवकाने पाणी दिलं, बसवलं, पण पूर्वीसारख्या गप्पा झाल्या नाहीत. खुर्ची ओसरीवरून आत गेली आणि तिच्यावर गोधड्या ठेवू लागले. पुढच्या आषाढात थोरल्याची बायको न बोलावता बांधीवर गेली. बायकांनी तिला ओळीच्या टोकाला जागा दिली. पहिल्या दिवशी तिने गाणं उचललं नाही, नुसती मागून म्हणत राहिली. तिच्या बांधीची वेळ आली तेव्हा मात्र ओळ तिच्याकडे गेली.

थोरल्याने एक कंपासपेटी घेतली आणि तो धाकट्याच्या दारात गेला. पोराने ती घेतली आणि आत पळून गेला. धाकटा गोठ्यात होता. तो बाहेर आला नाही.

त्या वर्षी आश्विनात पुन्हा पाण्याच्या पाळ्या लागल्या. बाईने रात्री मोरी उघडली. खालून सुरुवात झाली. धाकट्याच्या बांधीच्या वरची बांधी थोरल्याची. म्हणजे आधी धाकट्याचं पाणी, मग याचं. पण धाकट्याच्या बांधीचा धुरा खेकड्यांनी पोखरला होता. पाणी आत येई आणि तिथूनच निघून जाई. थोरला आपल्या पाळीची वाट पाहत वरच्या धुऱ्यावर बसला होता. तो फावडं घेऊन खाली उतरला. एका टोकाने त्याने माती टाकायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाने धाकटा टाकत होता. कोणी कोणाशी बोललं नाही. धुरा बुजला आणि बांधीत पाणी ठरू लागलं.

थोरला वर जाऊ लागला. त्याच्या बांधीचं तोंड वरच्या अंगाला होतं आणि ते त्याला अंधारात एकट्यालाच फोडायचं होतं.

धाकट्याने बॅटरी उचलली आणि तो त्याच्या मागे निघाला.

“दादा, थांब,” तो म्हणाला. “तिकडं पाय घसरते.”